बीटा ब्लॉकर : गोळी एक, नाती अनेक
(गणेशोत्सवातील आरोग्य व्याख्यानाचा लिखित मजकूर)



आरती झाली, प्रसाद झाला, आणि आता डॉक्टरचं भाषण. म्हणजे आधी मोदक द्यायचा आणि मग मधुमेहावर बोलायचं, असा कार्यकारिणीचा बेत दिसतो. काळजी करू नका, मोदकाबद्दल मी आज काही बोलणार नाही. दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल बोलणार आहे, जी या सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांच्या खिशात, पर्समध्ये किंवा देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात आहे.

हृदयविकार, रक्तदाब, छातीतली धडधड, अर्धशिशी, हाताची थरथर, थायरॉइड, काचबिंदू. आजार सात, पण या सातही आजारांत एकाच घराण्यातलं औषध दिलं जातं. त्या घराण्याचं नाव बीटा ब्लॉकर. ओळखायची खूण सोपी आहे. आपल्याकडे आडनावाच्या शेवटी 'कर' आलं की माणूस कुठल्या गावचा ते कळतं. तसं या औषधांच्या मूळ नावाच्या शेवटी 'लॉल' येतं. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल, कार्वेडिलॉल, लॅबेटालॉल, टिमोलॉल. (पॅरासिटामॉल यांचा नातेवाईक नाही, तो 'मॉल' आहे.) घरी गेल्यावर पट्टी उलटी करून बारीक अक्षरातलं नाव वाचा. ठळक अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, बारीक अक्षरात खरं नाव असतं.

आधी हे औषध करतं काय, ते दोन मिनिटांत सांगतो. आपण घाबरलो, चिडलो, धावलो की शरीरात अ‍ॅड्रिनलीन सुटतं. ते रक्तातून फिरतं आणि ठिकठिकाणच्या पेशींवर जी कुलपं असतात त्यांत किल्लीसारखं बसतं. ही कुलपं दोन प्रकारची आहेत, अल्फा आणि बीटा, असं अमेरिकेतल्या रेमंड अलक्विस्ट यांनी 1948 साली मांडलं. हृदयावरचं बीटा कुलूप उघडलं की ठोके वाढतात, जोर वाढतो. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी उलटा विचार केला. ज्याच्या हृदयाला रक्त कमी पडतंय त्याला जास्त रक्त पुरवण्यापेक्षा त्या हृदयाचं कामच कमी केलं तर? कुलपात आधीच एक खोटी किल्ली घालून ठेवायची, म्हणजे अ‍ॅड्रिनलीन आलं तरी बाहेरच ताटकळेल. त्यातून 1960 च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं आणि 1988 साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता गोम अशी की बीटा कुलपं फक्त हृदयावर नाहीत. ती श्वासनलिकांवर आहेत, रक्तवाहिन्यांवर आहेत, यकृतात आहेत, डोळ्यांत आहेत. हृदयावरच्यांना बीटा-एक म्हणतात, श्वासनलिकांवरच्यांना बीटा-दोन. प्रोप्रॅनोलॉल दोन्हींना कुलूप लावतं. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल ही मुख्यतः बीटा-एकवर काम करतात, पण मात्रा वाढली की त्यांचाही संयम सुटतो. आज मी जे सांगणार आहे, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

दोन गावं, दोन डॉक्टर

आपण इथे स्थायिक झालेली माणसं. नोकरी इथे, मुलं पुण्याला किंवा बंगलोरला, बहीण नागपूरला. औषधोपचारही तसाच विखुरलेला. थोडं दुखलं तर इथे दाखवायचं, जास्त दुखलं तर नागपूर गाठायचं, आणि हिवाळ्यात मुलाकडे गेलो की तिथला डॉक्टर निराळा. तिन्ही ठिकाणच्या चिठ्ठ्या तीन निरनिराळ्या पिशव्यांत.

काही वर्षांपूर्वी आपल्याच एका सेक्टरमधले निवृत्त फोरमन माझ्याकडे आले. पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, एकदा बाथरूममध्ये कोसळले. घरच्यांना वाटलं, वय झालं. मी नाडी धरली, मिनिटाला 42. पिशवी ओता म्हटलं. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेलं मेटोप्रोलॉल होतं. मुलाकडे गेले असताना तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी एटेनोलॉल आणि अ‍ॅम्लोडिपिन यांची जोडगोळी दिली होती, तीही चालू होती. दोन्ही पट्ट्यांचे रंग वेगळे, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. काका म्हणाले, "एक हार्टची आहे, एक बीपीची." खरं तर दोन्ही एकाच घराण्यातल्या सख्ख्या बहिणी होत्या. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून एक बंद केली, आठवड्याभरात नाडी साठावर आली, आणि काका पुन्हा बाजारातून भाजी आणू लागले.

दोन्ही डॉक्टरांची औषधं आपापल्या जागी योग्यच होती. एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं पाहिलेली नव्हती, एवढंच. त्यात तिसरा डॉक्टर असता तर पडून मांडीचं हाडही मोडलं असतं आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या चार गोळ्या त्या पिशवीत वाढल्या असत्या.

हृदयाला दोन लगाम नकोत

रक्तदाबाच्या गोळ्यांत कॅल्शियमचा मार्ग अडवणारी एक जात आहे. तिच्यात दोन स्वभावाची माणसं आहेत. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं, हृदयाच्या ठोक्यांच्या वाटेला जात नाही, म्हणून बीटा ब्लॉकरबरोबर त्याचं जमतं. तशा जोडगोळ्या आपल्याकडे भरपूर खपतात. पण व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही दोघं स्वतःच हृदयाचे ठोके मंद करतात. त्यांच्यावर बीटा ब्लॉकर पडलं की वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला जाणारा विजेचा निरोप अडकू शकतो, ठोके फार मंदावतात, रक्तदाब कोसळतो. तज्ज्ञ क्वचित ही जोडी मुद्दाम देतात, पण मग ईसीजीवर नजर ठेवतात. डिगॉक्सिन आणि अमिओडेरोन यांच्याबाबतही तीच सावधगिरी.

क्लोनिडिन नावाची एक जुनी गोळी आहे, मूत्रपिंडाच्या रुग्णांना अजून दिली जाते. बीटा ब्लॉकर चालू असताना ती एकदम थांबवली तर रक्तदाब उसळी मारतो. दोन्ही बंद करायची असतील तर डॉक्टर आधी बीटा ब्लॉकर हळूहळू काढतात आणि मग क्लोनिडिन. क्रम उलटा करायचा नाही.

आणि 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्यांसाठी. सर्पगंधेचं औषध रक्तदाबावर चालतं हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहून जगाला दाखवलं. म्हणजे सर्पगंधा खरोखरच काम करते. जी काम करते ती दुसऱ्या औषधाशी भांडूही शकते. सर्पगंधेतलं रिसर्पिन आणि बीटा ब्लॉकर एकत्र आले की नाडी आणि रक्तदाब दोन्ही फार खाली जाऊ शकतात. वैद्यांकडे जायला माझी हरकत नाही, पण जाताना पट्टी बरोबर न्या.

दमा आणि डोळ्यांतला थेंब

दम्याच्या रुग्णानं प्रोप्रॅनोलॉल घेऊ नये, हे बहुतेक डॉक्टर विसरत नाहीत. श्वासनलिका मोकळ्या ठेवणारी कुलपं तेच अडवतं. वर त्याच कुलपांवर काम करणारा साल्ब्युटामॉलचा पंपही मग नीट चालत नाही. म्हणजे झटका आणणारं आणि झटक्यावरचा उपाय बोथट करणारं, दोन्ही एकाच गोळीत.

पण चकवा देतं ते डोळ्यांतलं औषध. आपल्याच वसाहतीतल्या एका काकूंना लहानपणापासून दमा, पण कित्येक वर्षं शांत होता. एका पावसाळ्यात रात्री-बेरात्री धाप लागू लागली. पंप वाढवला, उशी उंच केली, घरातली मांजर शेजारी दिली. आराम नाही. मी विचारलं, "नवीन काही औषध?" त्या म्हणाल्या, "छे, एकही गोळी नवी नाही." मग मुलगी म्हणाली, "आई, काचबिंदूचे थेंब सुरू केलेत ना दोन महिन्यांपूर्वी?" ते टिमोलॉल होतं. डोळ्यांतला थेंब अश्रूंच्या वाटेनं नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो, यकृताच्या चाळणीतून आधी जावं लागत नाही. दम्याच्या माणसाला तेवढा थेंबही पुरतो. नेत्रतज्ज्ञांना कळवलं, त्यांनी लगेच दुसऱ्या जातीचे थेंब दिले. काकूंची धाप थांबली. मांजर मात्र परत आली नाही, शेजाऱ्यांनी ठेवून घेतली.

तेव्हा डोळ्यांचे थेंब, नाकाचा फवारा, मलम, पंप ही सगळी औषधंच आहेत, यादीत लिहायचीच. आणि टिमोलॉल ज्यांना चालतं त्यांनीही थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाशेजारचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबून ठेवावा, म्हणजे औषध डोळ्यांतच राहतं.

मधुमेह आणि हरतालिका

साखर खूप खाली गेली की शरीर ओरडून सांगतं. हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. यातली थरथर आणि धडधड अ‍ॅड्रिनलीनमुळे, म्हणजे बीटा ब्लॉकर ती झाकून टाकतं. घंटा वाजायची थांबते, आग मात्र लागलेलीच असते. शिवाय प्रोप्रॅनोलॉलसारखी दोन्ही कुलपं लावणारी औषधं यकृतातून साखर सुटण्याचं कामही रेंगाळवतात. घाम तेवढा झाकला जात नाही, तो वेगळ्या यंत्रणेतून येतो. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी, बरोबर बीटा ब्लॉकर असेल तर, अवेळी फुटलेला गार घाम, अचानक आलेली भूक, चिडचिड किंवा गोंधळलेपण याला साखर कमी झाल्याची खूण समजावं. साखर तपासा. सत्तरच्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

हे आज सांगण्याचं कारण उघड आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी आपल्या कितीतरी भगिनी हरतालिकेचा निर्जळी उपास करतात आणि सकाळची गोळी मात्र नेमानं घेतात. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही. पण मधुमेहाची गोळी, बीटा ब्लॉकर आणि निर्जळी उपास हे तिघं एका दिवसात एकत्र आले तर घरात कुणाला कळायच्या आत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. उपासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ते 'नको' म्हणाले तर फळं-दूध घेऊन केलेला उपास पार्वतीमाईला पावत नाही, असं कुठल्याही पोथीत मी तरी वाचलेलं नाही.

याचा अर्थ मधुमेह असेल तर बीटा ब्लॉकर घेऊच नये असा नाही. हृदयविकार असलेल्या मधुमेह्याला त्याचा मोठा फायदा होतो. फक्त घंटा दबकी झाली आहे, हे घरच्यांना माहीत हवं.

यकृताच्या दारातली गर्दी

मेटोप्रोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल यकृतात विरघळतात. तिथे एक दार आहे, त्यातून ती बाहेर पडतात. काही औषधं तेच दार अडवून बसतात. मनाच्या आजारावरची फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन, आणि नायट्यावर सर्रास दिली जाणारी टर्बिनाफिनची गोळी. मग मेटोप्रोलॉल रक्तात साचतं आणि नेहमीचीच मात्रा जास्त झाल्यासारखी लागू पडते. नायटा त्वचारोगतज्ज्ञांकडे, हृदय हृदयरोगतज्ज्ञांकडे, आणि चक्कर घेऊन रुग्ण माझ्याकडे.

उलटही घडतं. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन यकृताची दारं सताड उघडतं. बीटा ब्लॉकर भराभर संपतं, रक्तदाब वाढतो, डॉक्टर मात्रा वाढवतात. सहा महिन्यांनी क्षयाचे उपचार संपतात, दारं पुन्हा पहिल्यासारखी होतात, आणि वाढवलेली मात्रा आता भारी पडते. म्हणून क्षयाचा कोर्स सुरू होताना आणि संपल्यावर, दोन्ही वेळा नाडी आणि रक्तदाब तपासून घ्यायचा.

एटेनोलॉल मात्र यकृताच्या वाटेला फारसं जात नाही, ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे त्यांच्यात ते साचतं, मात्रा कमी करावी लागते.

दुकानातून सहज आणलेल्या गोळ्या

गुडघे दुखतात, म्हणून आपण डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणतो. ही औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम कमी करतात. दोन दिवस घेतल्यानं आभाळ कोसळत नाही, पण महिनोन्‌महिने घेतली तर रक्तदाब का उतरत नाही याचा शोध चुकीच्या जागी चालू राहतो. साध्या दुखण्याला ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल बरं. सर्दीच्या गोळ्यांत बहुधा फेनिलएफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. रक्तदाबाच्या रुग्णानं, विशेषतः प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यानं, ती विचारून घ्यावी. वाफ घ्या, ती कुठल्याच गोळीशी भांडत नाही.

दात काढायला जाताना दंतवैद्यांना आवर्जून सांगा. बधिर करण्याच्या इंजेक्शनात बऱ्याचदा अ‍ॅड्रिनलीन मिसळलेलं असतं, आणि प्रोप्रॅनोलॉलवर असलेल्या माणसाचा रक्तदाब त्यानं झपकन चढू शकतो. ज्यांना मधमाशी किंवा एखाद्या औषधाची जबरदस्त अ‍ॅलर्जी आहे त्यांनीही सांगून ठेवावं, कारण अशा वेळी जीव वाचवणारं अ‍ॅड्रिनलीनचं इंजेक्शन बीटा ब्लॉकरवर असताना नीट चालेलच असं नाही. तरी ते द्यायचंच असतं. नाही चाललं तर डॉक्टर ग्लुकागॉन वापरतात, पण त्यासाठी त्यांना माहिती हवी.

आणि तरुण मुलांसाठी एक वाक्य. मुलाखतीच्या किंवा रंगमंचाच्या भीतीवर मित्राची प्रोप्रॅनोलॉल गोळी घ्यायची पद्धत निघाली आहे. हात स्थिर ठेवते म्हणूनच नेमबाजी आणि तिरंदाजीत हे औषध निषिद्ध आहे. ज्याला दमा आहे आणि स्वतःलाच ठाऊक नाही, अशा मुलाला ती एक गोळी महागात पडेल.

घाबरून बंद करू नका

एवढं ऐकून कुणी आज रात्रीच गोळी फेकून दिली, तर माझं भाषण न झालेलं बरं. आजची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच की बीटा ब्लॉकर एकाएकी बंद करायचं नाही. खोटी किल्ली बरेच दिवस कुलपात राहिली की शरीर कुलपांची संख्या वाढवतं. किल्ली झटकन काढली की अ‍ॅड्रिनलीन त्या सगळ्या कुलपांवर एकदम तुटून पडतं. छातीत कळ, धडधड, प्रसंगी हृदयविकाराचा झटका. बंद करायचं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं एक-दोन आठवडे तरी मात्रा पायरी-पायरीनं उतरवावी लागते. म्हणून गावाला जाताना दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या जवळ ठेवा, सामानात नाही, खिशात. शस्त्रक्रियेआधीही आपल्या मनानं बंद करू नका, भूलतज्ज्ञांना सांगा.

या औषधानं केलेले उपकारही विसरू नका. आम्ही शिकत होतो तेव्हा दुबळ्या हृदयाला बीटा ब्लॉकर म्हणजे विष, असं शिकवत. 1999 साली बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं की अगदी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवलं तर अशा रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. विद्या पुढे जाते ती अशी. 2024 साली स्वीडनच्या पुढाकारानं झालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं की झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाची ताकद शाबूत आहे त्यांना ही गोळी वर्षानुवर्षं देऊन विशेष लाभ दिसत नाही. तेव्हा 'मला अजून गरज आहे का?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. उत्तर मात्र स्वतः देऊ नका.

भाषणानंतर काहींनी प्रश्न विचारले, तेही इथे देतो.

एका भगिनींनी विचारलं, नाडी किती खाली गेली तर काळजी? बसल्या जागी पूर्ण एक मिनिट मोजा. पन्नासच्या खाली असेल तर डॉक्टरांना कळवा. चक्कर, धाप किंवा शुद्ध हरपणं असेल तर वाट पाहू नका, तडक दवाखान्यात.

एकानं विचारलं, गोळी जेवणाआधी की नंतर? मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर, आणि रोज तसंच. आज उपाशीपोटी, उद्या भरल्यापोटी असं नको. एटेनोलॉल आणि अ‍ॅसिडिटीचं औषध किंवा कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या.

एका नव्या लग्न झालेल्या मुलीनं हळूच विचारलं, दिवस राहिले तर? राहायच्या आधीच डॉक्टरांना सांग, बाळा. एटेनोलॉल गरोदरपणात टाळतात, बाळाचं वजन कमी भरू शकतं. लॅबेटालॉल त्यासाठी वापरलं जातं.

शेवटी एकच काम सांगतो. एका कागदावर घरातल्या प्रत्येकाची औषधं लिहा. खरं नाव, मात्रा, केव्हापासून, कुणी दिलं, आणि कशासाठी. थेंब, पंप, काढे, चूर्णं सगळं. खाली दमा, मधुमेह, मूत्रपिंड, अ‍ॅलर्जी याची नोंद. एक प्रत पाकिटात, एक मोबाइलमध्ये फोटो काढून, एक मुलाकडे. विसर्जनापर्यंत रोज आरतीनंतर अर्धा तास मी इथे मागच्या खोलीत बसणार आहे. पट्ट्यांची पिशवी घेऊन या, चहा मंडळाचा, यादी मी लिहून देतो. औषधं बदलणार नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण पिशवीत एकाच घराण्यातल्या दोन बहिणी निघाल्या, तर तशी चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांच्या नावे जरूर देईन.

गणपती बाप्पा मोरया!